बरां आसा

आमच्या वॉर्डात एका वाक्याला बंदी होती. शिव्यांना नव्हती. पोट फाडून शिवलेला माणूस शुद्धीवर येताना ज्या शिव्या घालतो त्या ऐकून नव्या पोरी पहिल्या आठवड्यात लाजून चूर होतात, मग त्यांनाही सवय होते. बंदी होती ती ‘बरां आसा’, म्हणजे ‘बरं आहे’, या दोन शब्दांना.

ही बंदी घातली होती डॉ. माणिक लोमटे यांनी. ते आमचे भूलतज्ज्ञ, म्हणजे लोकांच्या भाषेत भुलीचे डॉक्टर. मी त्या वॉर्डची सिस्टर. माझं माहेर मसुऱ्याचं, तेव्हा हे दोन शब्द मी आईच्या दुधाबरोबर प्यायलेले. आमच्याकडे वाटेत कुणी ‘कसां आसा?’ म्हणून विचारलं की ‘बरां आसा’ म्हणायचं असतं. काजूचा मोहर जळला असला तरी, पोरगा दहावीला आपटला असला तरी, नवऱ्याला पोचवून बाई घरी परतत असली तरी. त्यात कुणी खोटं बोलत नसतं. विचारणाऱ्याच्या डोक्यावर आपलं ओझं ठेवायचं नाही, एवढीच ती रीत. पण ही रीत लोमट्यांसारख्या लातूरकडच्या माणसाला कोण सांगणार?

लोमटे सर इथे का आले ते कुणालाच नीट कळलं नाही. आमचं हॉस्पिटल विश्वस्तांचं, मालवणपासून थोडं आत. बाहेरून येणारे डॉक्टर एका पावसाळ्यात कंटाळतात, बुरशी लागलेले बूट टाकून देतात आणि कोल्हापूरची गाडी पकडतात. हेही जातील असं आम्ही धरून चाललो होतो. दिसायला तर जाणाऱ्यातलेच होते. उंच, काटकुळे, थोडे वाकलेले, शर्टाच्या खिशात भाजलेले शेंगदाणे. शेंगदाणे त्यांची आई गावाहून एसटीच्या पार्सलने पाठवायची. मासळीच्या वासाने सुरुवातीला त्यांचा जीव कासावीस व्हायचा. जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबे उघडले की हे खिडकीत जाऊन शेंगदाणे खात उभे राहायचे. वर्षभराने एकदा माझ्या डब्यातला सुक्या बांगड्याचा तुकडा त्यांनी औषध घेतल्यासारखा डोळे मिटून गिळला आणि म्हणाले, “सिस्टर, मेलो नाही.” तेव्हा कुठे आम्हाला वाटलं की हा माणूस राहणार.

मालवणी शिकायचा त्यांनी चंग बांधला होता आणि ती त्यांना शेवटपर्यंत आली नाही. ‘माका’ म्हणजे मला आणि ‘तुका’ म्हणजे तुला, यांत तर त्यांचा कायमचा घोळ. एकदा एका म्हातारीच्या खाटेशी वाकून त्यांनी मोठ्या प्रेमाने विचारलं, “आजी, माका दुखता काय?”

म्हातारीने त्यांच्याकडे काळजीने पाहिलं. “तां माका कसां कळतला रे झिला? तुका खंय दुखता तां तू सांग.”

सगळा वॉर्ड हसला. ज्यांना टाके होते त्यांनी पोट धरून हसू आवरलं. सरही हसले, आणि मग कितीतरी दिवस आम्ही त्यांना येता-जाता विचारायचो, “सर, माका दुखता काय?”

पण बंदीचं कारण हसण्यासारखं नव्हतं.

सर आले त्या वर्षीच घाटाच्या पायथ्याकडची एक बाई आली, जानकी नावाची. आतडं फुटलेलं. डॉ. कामतांनी, म्हणजे आमच्या सर्जननी, बरगडीखालपासून बेंबीच्या खालपर्यंत पोट उघडून ते शिवलं. ऑपरेशन चांगलं झालं. सर रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या खाटेशी जायचे. “दुखतंय का?” तिचं उत्तर ठरलेलं, “नाय डॉक्टरांनू, बरां आसा.” हसूनच सांगायची बिचारी. सर तिच्या सोसण्याचं कौतुक करायचे आणि पुढच्या खाटेकडे वळायचे. औषध होतं, नव्हतं असं नाही, पण जास्तीचं कुणी दिलं नाही, कारण तिने मागितलं नाही.

पोटाला एवढी मोठी जखम असली की श्वास घेतानाही ती ओढली जाते. माणूस मग वरच्यावर श्वास घेतो, भूक नसताना ताटातलं नुसतं चिवडावं तसा. खोकला आला तर दाबून टाकतो. न खोकल्यामुळे कफ छातीत साठतो, साठलेला कफ सडतो. जानकी ‘बरां आसा’ म्हणत म्हणत पडून राहिली आणि तिची छाती भरली. सरांनी आपला कान तिच्या पाठीला लावला तेव्हा फार उशीर झाला होता. ती गेली. पोट तर शिवलं होतं, ते कुठेही उसवलं नव्हतं.

तिचा नवरा सरांच्या पाया पडायला आला. “तुमी खूप केलात,” म्हणाला. सर मागे सरकले. मग त्यांनी त्याला विचारलं, “तिला दुखत होतं का हो?”

“दुखतला मा डॉक्टरांनू. प्वाट फाडलेला.” तो अगदी सहज म्हणाला. “रातभर कण्हत होती.”

“मग मला का नाही सांगितलं?”

त्याला तो प्रश्नच कळला नाही. तो माझ्याकडे बघायला लागला, की बाई, तुम्हीच सांगा यांना.

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हाला सगळ्यांना बोलावून सांगितलं, की या वॉर्डात कुणीही रोग्याला ‘दुखतंय का’ विचारायचं नाही आणि कुणीही रोग्याने ‘बरां आसा’ म्हणायचं नाही. मग विचारायचं काय?

“खोकायला सांगायचं,” ते म्हणाले. “माणूस खोटं बोलतो. खोकला बोलत नाही.”

तेव्हापासून ते खाटेशी येत, हात पाठीमागे बांधत आणि फक्त म्हणत, “खोका.” रोगी खोकायचा. सर कान देऊन ऐकायचे, गवई तंबोरा ऐकतो तसे मान किंचित वाकडी करून. अर्ध्यात तुटलेला खोकला असेल, नुसतं घशातून खाकरणं असेल, खोकताना पाय आखडत असतील, तर त्यांना समजायचं. मग रोगी काहीही म्हणो, ते औषध वाढवायचे.

पण औषधाने भागत नाही हे त्यांना ठाऊक होतं. तीव्र औषध दिलं की माणूस गुंगतो, आणि गुंगलेला माणूसही खोकत नाहीच. त्यांना सोनोग्राफीचं यंत्र हवं होतं. विश्वस्तांच्या मागे लागून, चिडून, एकदा तर बैठकीत रुसून बसून, त्यांनी प्रसूतीच्या खोलीतलं जुनं यंत्र ऑपरेशन थिएटरात आणवलं. त्याचं एक चाक मोडकं होतं. ते ढकलताना असा आवाज यायचा की बाहेर बसलेल्या नातेवाइकांना कळायचं, ऑपरेशन संपत आलं.

त्या यंत्राने ते काय करत ते मी रोज पाहिलं आहे. पोटाच्या भिंतीत स्नायूंचे तीन थर असतात, एकावर एक. जखमेचं दुखणं मेंदूकडे नेणाऱ्या नसा आतल्या दोन थरांच्या मधून जातात. रोगी भुलीतून जागा व्हायच्या आधी सर कुशीवर यंत्राची मूठ टेकवायचे, पडद्यावर ते थर शोधायचे, आणि लांब सुई तिरकी घालून नेमक्या त्या फटीत औषध सोडायचे. पडद्यावर थर हळूच एकमेकांपासून सुटायचे आणि मधे काळी फट उघडायची. “उघडलं बघा दार,” असं पुटपुटायचे. मग दुसऱ्या कुशीला तेच. वरच्या जखमेला बरगड्यांच्या कडेने. कुणाला नुसत्या कमरेखालच्या भुलीवर केलेलं असेल आणि तो जागा असेल, तर यंत्राच्या मुठीखाली लावायच्या जेलीची बाटली आधी स्वतःच्या काखेत धरून कोमट करायचे. थंड जेली लागून कुणी दचकलेलं त्यांना आवडत नसे.

डॉ. कामत हात धुऊन, टोपी काढून दारात उभे. “लोमटे, तुमचं नक्षीकाम झालं की सांगा. पुढचा रोगी तिकडे उपाशी झोपलाय.”

“तुम्ही भिंत पाडली, मी गिलावा करतोय,” सर मान वर न करता म्हणायचे. दोघांचं हे रोजचं. कामतांना त्यात वेळ फुकट जातो असंच वाटायचं, पण त्यांनी कधी थांबवलं नाही. माणूस तोंडाने फटकळ, मनाने तसा नाही.

रोग्यांना सर आधीच समजावत. “हे बघा, मी भिंतीचं दुखणं बंद करतो. घरातलं भांडण माझ्या हातात नाही.” म्हणजे कातडी, स्नायू, टाके यांचं दुखणं थांबेल, आतल्या आतड्याचं, पित्ताशयाचं जे मुरडणं असतं त्याला ही सुई पुरत नाही. बायकांना हे वाक्य फार आवडायचं. एकजण म्हणाली, “माझ्या घरातला भांडान थांबवची सुई आसा काय? सासऱ्याक देवची हा.” पण दुसऱ्या दिवशी त्या उठून बसायच्या, दणकून खोकायच्या, संडासला चालत जायच्या. पूर्वी वॉर्डात ऑपरेशननंतरची शांतता असायची, ती गेली. सकाळी दारातून आत आलं की नुसता खोकल्याचा गजर. छाती भरून दगावणारे कमी झाले. मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते.

मालवणच्या बाजारात त्यांचं नाव ‘खोकडॉक्टर’ पडलं. एकदा मी आणि ते बरोबरच मासळीबाजाराच्या तोंडाशी बसची वाट पाहत होतो. टोपली घेऊन बसलेली एक कोळीण त्यांना बघून उभी राहिली. पित्ताशय काढलेली आमचीच. तिने कमरेवर हात ठेवले आणि भर बाजारात असा खोकला काढला की पलीकडचं मांजर पळालं.

“बगा डॉक्टरांनू! चलता मा?”

“एक नंबर!” सर ओरडले. तिने जबरदस्तीने त्यांच्या पिशवीत सुरमईचे तुकडे घातले. ते त्यांनी मला दिले, पण बसमध्ये वाटभर त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की मी त्यांना आणखी चिडवलं नाही.

चिडवलं ते दुसऱ्या एका गोष्टीवरून. सर रोज संध्याकाळी चहाच्या वेळेला आईला फोन करायचे. लग्न केलं नव्हतं. गावी भाऊ आणि आई. आमच्यासमोरच बोलायचे. त्यांना त्या वेळी पाठदुखीने बेजार केलं होतं, दिवसभर वाकून वाकून. कधी ताप असायचा, कधी कामतांशी जुंपलेली असायची. आणि फोनवर रोज तेच, “बरं हाय, माय. लई बरं हाय. तू जेवलीस का?”

एक दिवस मी म्हटलं, “सर, आम्हालाच नावं ठेवता. तुमच्या माय तिकडे खोक म्हणत नाहीत म्हणून तुमचं निभतंय.”

ते हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला. “तिला सांगून काय करू सिस्टर? ती तिथून काय करणार? नुसती रात्रभर बसून राहील.” आणि मग थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच, “जानकीबाईंनी पण हाच हिशेब केला असंल.”

त्यानंतर आला बाबल मेस्त्री, आचऱ्याचा. होड्या दुरुस्त करायचा. मोठा बोलका, गोष्टीवेल्हाळ माणूस. आतड्यात गाठ होती. कामतांनी ती काढून दोन टोकं जोडली. सरांनी सुया दिल्या, त्या अशा उत्तम बसल्या की मेस्त्री दुसऱ्याच दिवशी खाटेवर मांडी घालून बसला. सर आले. “खोका.” मेस्त्रीने जो खोकला दिला तो सगळ्या वॉर्डाने ऐकला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, “रे मेल्या, भोंगो वाजवतस की काय!” सरांना राहवेना. त्यांनी थिएटरातून कामतांना हाताला धरून आणलं. “ऐका. मेस्त्री, परत एकदा.” मेस्त्रीने परत एकदा दिला. कामतांनी मान डोलवली. सरांचा आनंद मी तसा पूर्वी कधी पाहिला नव्हता. पोराने बक्षीस मिळवून आणलं की बाप गल्लीत फिरतो तसे ते दिवसभर फिरत होते.

पुढचे दोन दिवस तेच. सर यायचे, मेस्त्री खोकायचा, सर त्याच्या खांद्यावर थाप मारून जायचे.

मग त्याला ताप भरला, पोट फुगून कडक झालं. कामतांनी पुन्हा उघडलं. आतली शिवण सुटली होती आणि सगळं पोटभर पसरलं होतं. बाबल मेस्त्री वाचला नाही. कामत थिएटरच्या बाहेर येऊन सरांना म्हणाले, “तुमच्या त्या सुयांनी झाकून ठेवलं सगळं. दुखलं असतं तर कळलं असतं.”

पण ते तसं नव्हतं, आणि हे आम्हाला मेस्त्रीच्या बायकोकडून कळलं. ती व्हरांड्यात बाकावर बसली होती. मी पाणी दिलं, सर शेजारी येऊन बसले. ती रडत नव्हती. समजूत घालायला आम्ही बसलो होतो आणि तीच सरांची समजूत घालायला लागली.

“तुमी वायट वाटून घेव नकात डॉक्टरांनू. तेका आत दुखाक लागला तां परवाच. पोटात आग पडली म्हणान माका सांगलान. मी म्हटलंय, डॉक्टरांका सांगतंय. तर म्हणता, नको गो. माझ्या खोकण्याक ते इतके खूश झाले. मोठ्या डॉक्टरांक बोलवन हाडल्यानी. आता दुखता म्हणान सांगलंय तर तेंका काय वाटात?”

मी सरांकडे पाहिलं नाही. बघवलं नसतं. पदराच्या टोकाने ती तोंड पुसत राहिली आणि सर तसेच बसून होते, गुडघ्यांवर हात ठेवून.

आमच्या माणसांचं हे असं आहे. परक्या माणसाचा आनंद मोडायला यांचा जीव धजत नाही. स्वतःचा जीव देतील. मला या गोष्टीचा राग येतो, आजही येतो, आणि माझ्यावर वेळ आली तर मीही तेच करीन हे मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सर राउंडला आले ते नुसते फिरले. खोका म्हणाले, पण तोंडावर काही दिसू दिलं नाही. चांगलं खोकणाऱ्याला शाबासकी नाही, थाप नाही. खाटेशी स्टूल ओढून बसले आणि बराच वेळ रोग्याच्या हाताकडे, कपाळाकडे, चादर मुठीत धरली आहे का याच्याकडे बघत राहिले. राउंड दुप्पट लांबला.

मग त्यांनी आम्हाला पुन्हा बोलावलं. “बंदी उठली,” म्हणाले. “म्हणू द्या त्यांना. मी शब्द बंद केला, तर मेस्त्री तेच खोकल्यातून म्हणाला. आता आपणच नीट ऐकायचं. ‘बरां आसा’ म्हणजे ‘दुखतंय’ असा अर्थ घ्यायचा. कुणीही म्हणालं की हातातलं काम टाकून त्याच्याकडे जायचं, आणि औषध घेऊनच जायचं.”

तेव्हापासून आमच्या वॉर्डात तसंच चालतं. नवीन सिस्टर आली की पहिल्या दिवशी तिला हे सांगतो. बाहेरच्यांना गंमत वाटते. रोगी म्हणतो ‘बरां आसा’ आणि सिस्टर धावत सुटते.

काही वर्षांनी सरांची भूक मंदावली, खिशातले शेंगदाणे कमी कमी होत गेले ते आमच्या लक्षात आलं, पण आम्ही ते वयावर घातलं. पाठदुखीही वाकून काम करण्यावर घातली. भूल देणाऱ्या डॉक्टराला पाठदुखी असायचीच. तेही तसंच म्हणायचे. शेवटी सांगितलं ते हर्नियासाठी टेबलावर पडलेल्या एका आजोबांनी. कमरेखालची भूल होती, जागे होते. सर कोमट जेली लावायला त्यांच्यावर वाकले आणि वर बघत आजोबा म्हणाले, “डॉक्टरांनू, तुमचे डोळे पिवळे कित्याक?”

थिएटरमध्ये आम्ही सगळे थांबलो. सरांनी दोन्ही कुशींच्या सुया आधी पूर्ण केल्या. मग हातमोजे काढून आरशासमोर गेले आणि पापणी खाली ओढून पाहिली.

स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. गोव्याला नेलं. उघडलं आणि काढण्यापलीकडे गेलंय म्हणून पित्ताला वाट करून देऊन परत बंद केलं. आतल्या दुखण्यासाठी तिथे पाठीतून खोल सुई घालून नसांचा गुच्छच बधिर केला. त्यावर काही आठवडे बरे गेले. मग ते आमच्याकडे आले. लातूरला जा म्हणून सगळ्यांनी सांगितलं, भाऊ न्यायला आला होता. पण ते आले आमच्याच वॉर्डात, कोपऱ्यातल्या खाटेवर, खिडकीजवळ. काटकुळे होतेच, आता नुसती काठी राहिली होती.

पहिल्या दिवशी मी त्यांच्याजवळ गेले. काही विचारायच्या आधीच त्यांनी हाताने थांबवलं, उठून बसले, आणि खोकले. खणखणीत.

“ऐकलंत?” म्हणाले. “भिंत एकदम शांत आहे. गोव्यात टाके घातले त्या पोराचा हात चांगला आहे.” मग उशीवर टेकले. “घरात मात्र आग लागलीय, सिस्टर.”

त्या माणसाने तेवढं एकदाच सांगितलं. पाठीतल्या सुईचा परिणाम संपत आला होता आणि ती पुन्हा द्यायला गोव्याला न्यायची त्यांची ताकद राहिली नव्हती. उरलं मॉर्फिन. ते कुलपात असतं, किल्ली वॉर्डच्या सिस्टरच्या कमरेला. ठरल्या वेळी देत होतोच, पण दुखणं ठरल्या वेळेची वाट बघत नसे. आणि जास्त दिलं की ते झोपून जायचे.

तेवढ्यात त्यांची आई आली. भावाने आणलं. बुटकी, नऊवारीतली, पाठीत वाकलेली; सर वाकायचे तशीच. पिशवीत शेंगदाणे. सर आता ते खाऊ शकत नव्हते, पण तिने ते सोलून वाटीत ठेवले, आणि ती वाटी त्यांच्या उशाशी तशीच राहिली. पहिल्या दिवशी ती आली तेव्हा नुकतंच इंजेक्शन झालं होतं. सर झोपले होते. ती संध्याकाळपर्यंत त्यांचा पाय धरून बसली आणि जाताना मला म्हणाली, “इतक्या लांबनं आले बाई. लेकरू बोललंच नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मला जवळ बोलावलं. “सिस्टर, माय दुपारी येते. ती बसली असेल तोवर मला झोपवू नका.”

“आणि दुखलं तर?”

“सांगतो की.”

“आईसमोर? तुम्ही?” माझा स्वर चढला असणार. “जन्मात कधी सांगितलंत त्यांना?”

ते नुसते हसले आणि खिडकीकडे वळले.

मला त्या माणसाचा फार राग आला होता. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं ते रागाचंच होतं. उभा जन्म दुसऱ्याच्या तोंडून एक खरा शब्द यावा म्हणून घासला आणि आता स्वतःवर आलं तर हा जानकीच्या आणि मेस्त्रीच्या रांगेत जाऊन बसणार.

दुपारी भेटीच्या वेळेला आई आली. सर उशांना टेकून बसलेले. मायलेकरांचं बोलणं चाललं होतं. म्हणजे आई बोलत होती. गावात कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोरीचं ठरलं, भावाने नवं छप्पर घातलं. सर ऐकत होते, मधेच ‘हं’ म्हणत होते, एकदा तर हसलेसुद्धा. मी समोरच्या खाटेवर पट्टी बदलत होते आणि कानाने तिकडेच होते. आई खूश होती. लेकरू बोलत होतं.

पट्टी झाली तशी मी वळून पाहिलं. सरांच्या ओठांवर घाम होता. एक हात आईच्या हातात होता, मोकळा, सैल. दुसरा चादरीखाली होता, आणि चादर तिथे आवळली गेली होती.

आईच्याही ध्यानात काही आलं असावं. तिने बोलणं थांबवलं आणि त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. “लई दुखायलंय का रे लेकरा?”

“नाही गं, माय.”

मी खाटेपाशी जाऊन उभी राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी कधी मालवणीत बोलले नव्हते. ते साहेब, मी सिस्टर, आमचं आपलं पुस्तकी मराठी. त्या दिवशी तोंडातून आपसूक आलं.

“डॉक्टरांनू, कसां आसा?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरळ, डोळ्यांत डोळे घालून. मालवणी त्यांना कधी आली नाही असं मी वर म्हटलं. ते दोन शब्द मात्र त्यांनी आमच्या माणसासारखे अचूक म्हटले.

“बरां आसा.”

आईने माझ्याकडे वळून विचारलं, “काय म्हनला?”

“बरं आहे म्हणतात, आई.”

म्हातारीचा चेहरा सैल झाला. तिने त्यांचा हात थोपटला आणि म्हशीची राहिलेली गोष्ट पुढे सुरू केली. मी कमरेची किल्ली हातात घेतली आणि औषधाच्या कपाटाकडे धावले.